३०८० चा हॉटस्पॉट १०८, मेमरी ११० : कार्ड उघडू का? (अकोला, मे महिना)

पऱ्हाटीवाला

मंडळी, राम राम. घर अकोल्यात, गावाच्या कडेला, पलीकडे जिनिंग. मशीन अशी आहे: प्रोसेसर रायझन ५ ५६००एक्स, ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०८० (१० जीबी), ८५० वॅटचा पॉवर सप्लाय, पुढच्या बाजूला अख्खी काच असलेलं कॅबिनेट. मॉनिटर १४४० पी. कार्ड २०२३ च्या सुरुवातीला जुनं घेतलं. विकणारा म्हणाला, "फक्त गेमिंग केलंय, भाऊ." ते तर सगळेच म्हणतात.

हिवाळ्यात काही त्रास नव्हता. एप्रिल लागला आणि सुरू झालं. सायबरपंक २०७७ लावला की थोडा वेळ ७० च्या आसपास फ्रेम मिळतात, मग पंखे असे सुटतात की शेजारच्या खोलीतून आई ओरडते, आणि फ्रेम धाडकन ४० च्या खाली. गेम बंद केला, दहा मिनिटं थांबलो की पुन्हा ठीक. व्हॅलोरंटला काही होत नाही.

इथल्या एका दुकानात दाखवलं. त्याने कार्ड बाहेर काढून एक फुंकर मारली आणि म्हणाला, चिप गेली, नवीन घ्या, हे मी आठ हजारात ठेवून घेतो. चिप गेलेलं कार्ड आठ हजाराला कोण ठेवून घेतं बाप्पा? म्हणून इकडे विचारतोय. चिप आणि तिच्यावरचा धातूचा हीटसिंक यांच्यामधली पेस्ट बदलायचं मनात आहे. सीपीयूची बदललीय, कार्ड कधी उघडलं नाही. वॉरंटी संपलेली. उघडू का?

डीपीआय_८००

भावा, साइड पॅनल काढ आणि टेबल फॅन लाव. पुण्यात मी दर उन्हाळ्यात हेच करतो. खर्च शून्य.

सोल्डरगन

पॅनल काढून बघाच, पण तपासणी म्हणून, इलाज म्हणून नको. डीपीआय, रागावू नका, पण जिनिंगशेजारच्या घरात उघड्या कॅबिनेटवर टेबल फॅन लावला की महिनाभरात आत गादी भरून तयार.

मी सांगलीत कार्डं दुरुस्त करतो, पोटापाण्याचा धंदाच तो. "तापतंय, पेस्ट बदला" म्हणून येणारं गिऱ्हाईक उन्हाळाभर असतं आणि त्यातल्या बऱ्याच जणांना मी पेस्ट न बदलता परत पाठवतो. तुम्हीही स्क्रूड्रायव्हर जरा बाजूला ठेवा, आधी आकडे द्या.

एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर घ्या, त्यात फक्त सेन्सर्स उघडा आणि अर्धा तास तोच गेम खेळून लिहा: खोलीचं तापमान (भिंतीवरचं घड्याळवालं थर्मामीटर चालेल), जीपीयूचं म्हणजे कार्डाच्या मुख्य चिपचं तापमान, हॉटस्पॉट (चिपवरची सगळ्यात तापलेली जागा), मेमरी जंक्शन (मेमरीच्या आतलं तापमान), पंखे किती टक्क्यांवर, कार्ड किती वॅट खातंय. जीपीयू-झेड या सॉफ्टवेअरमध्ये 'परफकॅप रीझन' अशी एक ओळ असते, कार्डाचा वेग कशामुळे अडतोय ते ती सांगते, तिथे काय दिसतं तेही बघा. हे सगळं एकदा पॅनल लावून, एकदा काढून.

इतकं का मागतोय ते सांगतो. लोक बाहेरच्या चाचण्या वाचतात आणि "३०८० सत्तरच्या वर जाता कामा नये" असं धरून बसतात. त्या चाचण्या २०-२२ अंशांच्या खोलीत झालेल्या असतात. हीटसिंक काही खोलीतल्या हवेपेक्षा थंड होणार नाही. खोली दहा अंशांनी चढली की कार्डही जवळजवळ तेवढंच चढतं. म्हणजे तुमच्या खोलीत ३८ असताना कार्ड ८४ दाखवत असेल तर ते तिकडच्या ६७-६८ इतकंच झालं. त्या एकट्या आकड्याला घाबरायचं कारण नाही.

बघायचे ते फरक. खोली आणि जीपीयू यांच्यातला फरक हवेबद्दल आणि पंख्यांबद्दल सांगतो. जीपीयू आणि हॉटस्पॉट यांच्यातला फरक पेस्टबद्दल. मेमरीचा आकडा पॅडबद्दल, म्हणजे मेमरी आणि हीटसिंक यांच्यामधल्या मऊ पट्ट्यांबद्दल. हे वेगळे केले नाहीत तर माणूस पेस्ट बदलून दमतो आणि दुखणं भलतीकडेच असतं.

पऱ्हाटीवाला

सोल्डरगनदादा, घ्या.

पॅनल लावून: खोली ३७, जीपीयू ८४, हॉटस्पॉट १०८, मेमरी ११०. पंखे शंभर टक्के. वॅट सुरुवातीला ३१५, फ्रेम पडल्या तेव्हा २३०-२४०. परफकॅपमध्ये आधी पॉवर, नंतर थर्मल.

पॅनल काढून: जीपीयू ७८, हॉटस्पॉट १०३, मेमरी १०८. फ्रेम पडल्या, पण उशिरा.

कॅबिनेट कॉम्प्युटर टेबलाच्या खालच्या कप्प्यात आहे, मागून फळी. आणि कूलरचा झोत बरोबर त्याच्यावर येईल असं टेबल लावलंय, म्हटलं गार हवा मिळेल.

सोल्डरगन

आता बोलता येईल. चिप गेलेली नाही, त्या दुकानदाराला नमस्कार सांगा. गेलेली चिप अर्धा तास सायबरपंक खेळू देत नाही.

पहिलं, मेमरी. ३०८० वर जीडीडीआर६एक्स मेमरी आहे आणि तिचा आकडा ११० ला टेकला की कार्ड स्वतःहून वेग उतरवतं. तुमच्या फ्रेम पडतात त्या मुख्यतः तिथे. जीपीयूच्या ८४ वर नव्हे.

दुसरं, हॉटस्पॉट. निरोगी कार्डात जीपीयूपेक्षा तो दहा-पंधरा अंश वर असतो. तुमचा २४-२५ आहे. पॅनल काढलं तरी तो तसाच राहिला, जीपीयू उतरला तेवढाच हॉटस्पॉट उतरला. म्हणजे हवेचा दोष नाही, चिप आणि हीटसिंक यांच्यामधली पेस्ट जागेवर नाही. कार्ड तापतं, निवतं, प्रत्येक वेळी धातू थोडा हलतो आणि पेस्ट हळूहळू कडेला ढकलली जाते.

तिसरं, कॅबिनेट. नुसतं पॅनल काढून सहा अंश मिळाले म्हणजे आत हवाच पोचत नाहीये. पुढे काच, मागे फळी. कार्ड आपलीच गरम हवा पुन्हा पुन्हा ओढतंय. पूर्ण जोरात हे कार्ड ३२० वॅटचं आहे, त्यात सीपीयू धरा. हे सगळं एका लाकडी कप्प्यात.

मेमरीच का भाजली असेल याचा अंदाज आहे. इथेरियम या आभासी चलनाच्या मायनिंगचा (कार्डांवर गणितं करून चलन कमावण्याचा) सगळा भार मेमरीवर यायचा. मायनर लोक व्होल्टेज उतरवून कोर थंड ठेवत आणि मेमरी रात्रंदिवस शंभराच्या आसपास शिजत राही. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने ती पद्धतच बंद केली आणि असली कार्डं ढिगाने बाजारात आली. तुमचं त्यातलंच आहे असं छातीठोकपणे म्हणत नाही, पॅड बघितले की कळेल. असलं तरी वाईट वाटून घेऊ नका. पॅड बदलले की अशी कार्डं सहसा नीट चालतात.

आज फुकटात होण्यासारखं आधी करा. कॅबिनेट कप्प्यातून बाहेर, टेबलाच्या बाजूला, जमिनीपासून वीतभर उंच. पुढची काच निघत असेल तर काढून जाळी लावा.

आणि कूलर. तो बंद करू नका, वऱ्हाडातल्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर खरंच काम करतो, खोली उतरली की कार्डही उतरतं. मात्र झोत कॅबिनेटवर नको. ओलसर हवेत रुईचे तंतू आणि काळ्या मातीची धूळ हीटसिंकच्या पात्यांना चिकटते, दुपारी कूलर बंद झाला की वाळते, संध्याकाळी परत ओली होते. असा थर ब्लोअरलाही दाद देत नाही. कूलरला बोअरचं पाणी असेल आणि तुषार उडत असतील तर क्षारही आत येतात. खिडकी उघडी ठेवा, कूलर खोली गार करू दे, कॅबिनेट त्या गार खोलीतली हवा घेईल.

मग अंडरव्होल्ट करा, म्हणजे चिपचं व्होल्टेज थोडं उतरवा. पेस्ट त्यानंतर.

डीपीआय_८००

व्होल्टेज कमी करून कार्ड खराब नाही होत? आमच्याकडे व्होल्टेज कमी आलं की फ्रीजचा कॉम्प्रेसर जळतो.

सोल्डरगन

कॉम्प्रेसरची मोटर कमी व्होल्टेजवर जास्त करंट ओढते म्हणून जळते. चिपचं तसं नाही. व्होल्टेज कमी पडलं तर ती चुकते, गेम बंद पडतो किंवा ड्रायव्हर कोसळतो, मशीन पुन्हा सुरू केली की सगळं जिथल्या तिथे. इजा जास्त व्होल्टेजने होते.

कंपनी प्रत्येक कार्डाला थोडं जास्तच व्होल्टेज देते, कारण एकाच मापात हजारो चिपा बसवायच्या असतात, त्यातल्या ढिल्याही. तुमची चिप बरी असेल तर ते जास्तीचं व्होल्टेज म्हणजे निव्वळ उष्णता.

आफ्टरबर्नर हे कार्डाच्या सेटिंगचं सॉफ्टवेअर उघडा, कंट्रोल आणि एफ दाबा, व्होल्टेज आणि वेगाचा आलेख दिसेल. आधी सगळी रेषा खाली ओढून घ्या. मग ८७५ मिलिव्होल्टचा ठिपका उचलून १८०० मेगाहर्ट्झवर ठेवा आणि बरोबरची खूण दाबा. त्या ठिपक्याच्या उजवीकडची रेषा सपाट झाली पाहिजे. जो गेम जास्त त्रास देतो तोच तास-दीड तास खेळा. कोसळला तर ९०० मिलिव्होल्टवर तोच वेग ठेवा. नुसता बेंचमार्क पास झाला म्हणून सोडू नका, रे ट्रेसिंगवाले (प्रकाशाचे किरण मोजून चित्र काढणारे) गेम बेंचमार्कपेक्षा जास्त छळतात. ३०८० ला या एका कामात साठ-सत्तर वॅट सहज वाचतात आणि फ्रेम जातात त्या दोन-चार. माझ्या मते उन्हाळ्यात ज्याच्याकडे ३०८० आहे त्याने हे केलंच पाहिजे, कार्ड निरोगी असलं तरी.

खाडीकाठी

रत्नागिरीहून. उघडायची वेळ आलीच तर एक सांगतो. आमच्याकडे खाऱ्या हवेने कार्डाचे स्क्रू गंजतात आणि स्वस्त स्क्रूड्रायव्हरने त्यांची डोकी गोल होतात. चांगला पीएच० आणि पीएच१ (फुलीच्या टोकाचे) स्क्रूड्रायव्हर घ्या, वरून दाब देऊन फिरवा. एक डोकं गोल झालं की दुपार गेली. आणि अकोल्यात गंज नसला तरी चिपभोवतीच्या चार स्क्रूंवर कधी कधी स्टिकर असतो, त्याखाली स्क्रू आहे हे विसरून लोक हीटसिंक ओढत बसतात.

पऱ्हाटीवाला

कॅबिनेट बाहेर काढलं, काच काढून जाळी लावली, ८७५ वर १८०० स्थिर आहे. खोली ३६, जीपीयू ७२, हॉटस्पॉट ९४, मेमरी १०२, २५० वॅट. फ्रेम ६५ च्या खाली जात नाहीत. विशेष म्हणजे खोलीही पूर्वीइतकी भट्टी होत नाही. हॉटस्पॉटचा फरक मात्र बावीस आहेच. आता उघडतो. क्रम सांगा.

सोल्डरगन

खेळून कार्ड गरम असतानाच मशीन बंद करा, पेस्ट मऊ असते. मागचा स्विच बंद, वायर काढा, पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून उरलेली वीज जाऊ द्या. स्लॉटची खिट्टी दाबल्याशिवाय कार्ड ओढू नका.

टेबलावर सुती चादर, कार्ड पालथं. प्रत्येक स्क्रू कुठून निघाला त्याचा कागदावर नकाशा काढा आणि स्क्रू त्याच जागी कागदाला टोचून ठेवा, कारण लांबी सारखी नसते. चिपभोवतीचे चार स्प्रिंगवाले स्क्रू कोपऱ्यातून कोपऱ्यात, थोडे थोडे सैल करा. सगळे निघाले की हीटसिंक सरळ उचलू नका. हलक्या हाताने डावी-उजवीकडे अगदी किंचित फिरवा, पेस्टची पकड सुटते. मग पुस्तकासारखं थोडंच उघडा, पंखे आणि दिव्यांच्या वायरी आत अडकलेल्या असतात आणि आखूड असतात. वायरीला धरून ओढायचं नाही, प्लास्टिकचा कनेक्टर नखाने सोडवायचा.

आता पॅड. इथेच बहुतेक घोळ होतात. १० जीबीच्या ३०८० वर चिपभोवती मेमरीचे दहा तुकडे असतात, शिवाय वीज पुरवणाऱ्या भागावर वेगळे पॅड, आणि प्रत्येक कंपनीच्या कार्डात जाडी वेगळी. १ मिमी, १.५, २, काहीही. एकाच कार्डात दोन-तीन जाड्याही असतात. पॅड गरजेपेक्षा जाड झाला तर हीटसिंक त्याच्यावरच टेकतो आणि चिपला नीट भिडत नाही. मेमरी थंड, हॉटस्पॉट ११०. मग लोक पेस्टला शिव्या देतात. जुना पॅड व्हर्नियरने मोजला तर दबलेला आकडा मिळतो, मूळ जाडी त्याहून जास्त असते. तुमच्या नेमक्या मॉडेलची जाडी खात्रीने मिळत नसेल तर पॅडचा नादच सोडा आणि थर्मल पुट्टी घ्या. ती दाबली जाईल तेवढी पसरते, जाडीचा प्रश्नच राहत नाही. मी हल्ली बहुतेक पुट्टीच वापरतो. मेमरीवर साधी पेस्ट मात्र कधीच लावू नका, ती एवढी फट भरत नाही.

चिप आणि हीटसिंक ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, कापसाने नको, लिंट नसलेल्या कापडाने. सीपीयूवर धातूचं झाकण असतं, इथे उघडं सिलिकॉन असतं, सुमारे ६२८ चौरस मिलिमीटरचं. त्याचा एकही कोपरा कोरडा राहता कामा नये. वाटाण्याएवढा ठिपका ठेवून दाबायची सीपीयूची सवय इथे नको, पातळ थर पूर्ण पसरा. पेस्ट थोडी जास्त झाली तर बाहेर येईल, साध्या पेस्टने शॉर्ट होत नाही. लिक्विड मेटलच्या वाटेला जाऊ नका. ते वीज वाहतं आणि ॲल्युमिनियम खातं.

तुमच्या उन्हाळ्यात पातळ पेस्ट वर्षभरात पुन्हा कडेला जाईल. हनीवेलचं पीटीएम७९५० मिळालं तर तेच लावा. तो पातळ पत्रा असतो, पंचेचाळीस अंशांच्या आसपास मऊ होऊन फटी भरतो आणि नंतर जागा सोडत नाही. नकली माल पुष्कळ आहे, ओळखीच्याकडून घ्या.

लावताना चार स्क्रू परत कोपरा-कोपरा, अर्धा-अर्धा फेरा. पंखे ब्लोअरने साफ करताना पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते भलत्याच वेगाने फिरतं आणि बेअरिंग जातं.

उणे_पाच

टोरांटोहून वाचतोय, इथे तळघरात माझं कार्ड ५८ च्या वर जात नाही, त्यामुळे सल्ला द्यायचा हक्क नाही. पण पीटीएम लावलंय. लावायच्या आधी अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, नाहीतर वरचा कागद सोलताना पत्रा फाटून कागदाबरोबर येतो. अकोल्यात मे महिन्यात तर तो पाकिटातच मऊ झालेला असेल.

सोल्डरगन

बरोबर. आणि फ्रीजमधून काढला की लगेच लावा, पंख्याखाली गप्पा मारत बसू नका.

पऱ्हाटीवाला

झालं. फोटो चढत नाहीत, शब्दांत सांगतो.

हीटसिंक उघडला तर चिपच्या मधोमध पेस्टच नव्हती. मधला भाग चकचकीत, तोंड दिसेल असा, आणि चारही बाजूंना वाळलेल्या पेस्टचा बांध. मेमरीवरचे पॅड बोटाने दाबले की चुरा होत होता, आणि बोर्डवर त्यांच्याभोवती तेलकट डाग. हीटसिंकच्या पात्यांमध्ये पंख्याच्या बाजूला राखाडी नमद्याचा थर होता, चिमट्याने धरून सोलला तर एका तुकड्यात निघाला. तो बहिणीने दिव्याजवळ नेऊन बघितला, त्यात सरकीचं टरफलसुद्धा होतं.

मेमरीला पुट्टी, चिपला पीटीएम. फ्रीजची युक्ती कामी आली. पहिल्या संध्याकाळी हॉटस्पॉट फारसा उतरला नाही, धाकधूक झाली. दोन-तीन वेळा तापून निवल्यावर बसला. आता खोली ३७, जीपीयू ७१, हॉटस्पॉट ८३, मेमरी ८६, पंखे ६५ टक्के. अंडरव्होल्ट तसाच ठेवलाय.

दुकानदाराला सांगायला गेलो नाही. आठ हजारांत तो ते कोणाला विकणार होता एवढं मात्र विचारायचं होतं.

सोल्डरगन

८६ मेमरी अकोल्यात मे महिन्यात म्हणजे उत्तम काम. जाळीचा फिल्टर दर रविवारी झटका, हंगामात जिनिंग सुरू झालं की मधल्या वारीही. कार्ड मात्र आता उगाच उघडू नका.

डीपीआय_८००

दादा, माझ्या ३०६० टीआयला कोणत्या जाडीचे पॅड लागतील? बघून मलाही हुरूप आलाय.

सोल्डरगन

हुरूप राहू द्या, आकडे द्या. तुमची जीडीडीआर६ वाली असेल तर मेमरीचं तापमान दिसणारच नाही, म्हणून हॉटस्पॉटचा फरक तेवढा सांगा.

डीपीआय_८००

मेमरीचा आकडा खरंच नाही. खोली ३३, जीपीयू ७४, हॉटस्पॉट ८५.

सोल्डरगन

अकरा. स्क्रूला हात लावू नका. अंडरव्होल्ट करा आणि पॅडच्या पैशांत पुढे १४० मिमीचे दोन पंखे बसवा.